सर्जेरावांचे दोन शब्द

शिरूरजवळच्या त्या कॉलेजात बास्केटबॉलचा सामना असला, की कोण जिंकतंय याची फिकीर कुणाला नसे. पैज लागायची ती दोन्ही संघांच्या गुणांच्या बेरजेवर. चहाच्या टपरीमागे पोपटराव एक आकडा सांगायचा आणि लोक त्याच्या 'वर' नाहीतर 'खाली' पैसे लावायचे. पोपटराव नुसता हात, डोकं सर्जेरावांचं. सर्जेराव म्हणजे पुढारी, चषकाचे देणगीदार आणि पहिल्या खुर्चीचे मानकरी. सट्टा त्यांचा, हे सगळ्यांना ठाऊक होतं. बोलत कुणी नव्हतं.

महेंद्र तिथला खेळाचा शिक्षक. मागल्या वर्षी त्याचा धाकटा भाऊ रोहन संघाचा कप्तान होता. शेवटच्या मिनिटाला त्याचे दोन्ही फ्री थ्रो हुकले, बेरीज खाली राहिली आणि 'वर' लावलेले लोक सर्जेरावांवर धावून गेले. आपली कातडी वाचवायला सर्जेरावांनी खुशाल सांगून टाकलं, की पोरानं कुणाचे तरी पैसे खाल्ले. रोहनचं बोट सामन्याआधीच सुजून टम्म झालेलं त्यांनी स्वतः पाहिलं होतं. महेंद्र त्यांच्या दारी गेला, एक शब्द बोला म्हणाला. सर्जेराव दात कोरत म्हणाले, "आता लोकांना कोण सांगणार, सर?"

रोहननं कॉलेज सोडलं आणि रांजणगावला कारखान्यात खोकी भरायला लागला. आईनं, भागुबाईनं, बाजाराला जाणं सोडलं. महेंद्रनं मात्र काही सोडलं नाही. भावाचं नाव धुऊन निघाल्याशिवाय आणि या माणसाला त्याच चिखलात लोळवल्याशिवाय त्याला अन्न गोड लागणार नव्हतं.

दोन हजार सहाच्या जानेवारीत दौंडचा संघ खेळायला आला. दोन्हीकडची पोरं चपळ, म्हणून झाडून सगळ्यांनी 'वर' लावलं. बेरीज खाली राहिली तर सगळा पैसा सर्जेरावांच्या घरात जाणार होता, आणि मग लोक काय म्हणतील हे महेंद्रला मागल्या वर्षीच कळलं होतं. मैदानाला दिवे नव्हते. मध्यंतरात पाहुण्यांचा सत्कार करायची रीत आपल्याकडं जुनीच. त्यानं फक्त यंदा पाहुणे म्हणून सर्जेरावांना बोलावलं आणि पोरं तुमचं भाषण ऐकायला आतुर आहेत, असं त्यांच्या कानात घातलं. हरभऱ्याच्या झाडावर चढायला सर्जेरावांना शिडी लागत नसे.

फेटा झाला, शाल झाली, नारळ झाला. मग 'दोन शब्द'. ते आजोबांच्या विहिरीपासून निघाले, घोड नदीच्या पाण्याला लागले आणि इनामगावच्या हजारो वर्षांपूर्वीच्या माणसांपाशी पोचले, तरी माइक काही सुटेना. टपरीपाशी पोपटराव आवरा, आवरा म्हणून हात हलवत होता. सर्जेरावांनी त्यालाही नमस्कार केला.

खेळ पुन्हा सुरू झाला तेव्हा सूर्य कलला होता. पुढं पुढं पंचांना रिंगही धड दिसेना. दोन्ही कप्तानांना विचारून त्यांनी शेवटचा डाव निम्मा केला. बेरीज खाली राहिली, चांगली खाली.

लोकांनी सर्जेरावांना घेरलं. दूधवाला खंडू पुढं झाला. "पैसं तुमच्याच घरात जायचं व्हतं, म्हनून मुद्दाम येळ खाल्ला तुम्ही."

सर्जेरावांनी पोराबाळांच्या शपथा घेतल्या. जन्मात पहिल्यांदा खरं बोलत होते बिचारे, आणि ते घ्यायला कुणी तयार नव्हतं.

"मागल्या सालीबी ह्येंचंच काम आसंल," खंडू म्हणाला, "आन् खापर फोडलं रोहनवर. चांगल्या पोराचं वाटोळं केलं."

बाकीच्यांनी माना डोलावल्या. महेंद्रचं काळीज थंड झालं. एवढा आनंद त्याला स्वतःच्या लग्नातही झाला नव्हता.

फेटा सुटलेले सर्जेराव गर्दीतून वाट काढत त्याच्यापाशी आले आणि त्यांनी त्याचा हात धरला. "सर, सत्काराचं तुम्हीच ठरवलं व्हतं. येक शबूद बोला."

महेंद्रनं त्यांच्या खांद्यावरून घसरलेली शाल नीट केली.

"आता लोकांना कोण सांगणार, साहेब?" तो म्हणाला, आणि भावाला घरी आणायला रांजणगावच्या गाडीकडं निघाला.