तिरक्या रेघा

मी बोलतोय, अडगळीच्या खोलीत भिंतीकडे तोंड करून ठेवलेला संगणकाचा पडदा. माझ्या काचेवर काळ्या शाईच्या सात तिरक्या रेघा आहेत. कागदोपत्री मी 'खराब' आहे. ते खोटं आहे, म्हणून बोलतोय.

कारखान्यात जन्मलो तेव्हा तपासनिसानं मला पूर्ण पांढरा करून भिंगातून पाहिलं. एकही ठिपका मेलेला नव्हता. पांढरं म्हणजे निर्दोष, ही माझी पहिली शिकवण. पुढे तीच नडली.

तीन वर्षं हजेरी विभागात काढली. कोण किती मिनिटं उशिरा आलं, याची माणसांना केवढी काळजी! मग मला धूर-कक्षात हलवलं. उपग्रहानं वरून टिपलेली वणव्यांची चित्रं माझ्यावर उमटायची. धूर कुठून निघाला, दुपारपर्यंत कोणत्या गावावर पोचेल, हे धूरवाल्या मॅडम ठरवायच्या. विचारात पडल्या की पेनाचं टोपण चावायच्या. त्यांच्या टेबलावर एकाही पेनाचं टोपण धड नव्हतं.

रोज अकरा दहाला त्यांच्या वडिलांचा फोन यायचा. निवृत्त घड्याळजी, मिनिट चुकायचं नाही. दमेकरी माणूस, डोंगराखालच्या गावात एकटे राहायचे आणि रोज टेकडीवरच्या बाकापर्यंत चढून जायचे. प्रश्न ठरलेला.

"ठमे, आज पंप घेऊ की नको?"

श्वासाच्या पंपानं खिसा फुगतो आणि आपण म्हातारे दिसतो, अशी त्यांची तक्रार. मॅडम म्हणायच्या, सत्तरी उलटली, आता कोणावर छाप पाडायचीय? शेवटी बापलेकीचा तह झाला होता: मुलीनं हवा स्वच्छ सांगितली तर पंपाला सुट्टी.

आता आमच्या कक्षाची लाज सांगतो. विरळ धूर नकाशावर राखाडी दिसायचा. फार दाट झाला, की प्रोग्रॅम त्याला ढग समजून पुसून टाकायचा. पुसलेली जागा पांढरी आणि स्वच्छ हवाही पांढरी. म्हणजे धूर सगळ्यात वाईट जिथं, तिथं माझ्यावर काहीच नाही. पुसलेल्या जागी तिरक्या रेघा द्या, असं मॅडमनी तीनदा लेखी मागितलं. साहेबांनी तिन्ही वेळा शेरा मारला, नकाशा गिचमिड दिसतो, वर पाठवायला बरा वाटत नाही. वरच्यांच्या डोळ्यांना त्रास होऊ नये. खालच्यांच्या छातीचं काय व्हायचं ते होवो.

त्या दिवशी एकदम चार वणवे पेटले. साहेब दारात उभे राहून नकाशा मागत होते. फोन वाजला. उपग्रहाचं मूळ, काही न पुसलेलं चित्र अजून उघडायचं राहिलं होतं. मॅडमनी रिसीव्हर मानेत धरला आणि माझ्याकडे एक नजर टाकली. टेकडी पांढरी, गाव पांढरं.

"नको बाबा. स्वच्छ आहे. या फिरून."

मला आवाज असता तर काच फुटेपर्यंत ओरडलो असतो.

वीस मिनिटांनी त्यांनी मूळ चित्र उघडलं. टेकडीच्या पाठीवरून मातकट धुराचा लोट गावाकडे उतरत होता. त्यांच्या तोंडातलं टोपण खाली पडलं. मग फोन, पुन्हा फोन. घरात घंटा वाजत राहिली, म्हणून शेजाऱ्यांना लावला. शेजारी तोंडाला ओलं फडकं बांधून वर गेले, तेव्हा वडील बाकापासून दहा पावलांवर गतप्राण पडलेले होते. पंप दाराजवळच्या स्टुलावर होता.

चौकशी झाली. 'मानवी चूक', असा निष्कर्ष. ते तीन अर्ज त्या फायलीत नाहीत. मला वाटलं, मॅडम भांडतील. त्या एवढंच म्हणाल्या, "पांढऱ्यावर विश्वास ठेवू नका, हे मीच लिहून दिलं होतं. आणि मीच ठेवला."

नोकरीच्या शेवटच्या दिवशी अकरा दहापर्यंत त्या फोनकडे बघत बसल्या. मग माझ्यावर नकाशा उघडला, न पुसणाऱ्या शाईचं पेन घेतलं आणि वडिलांच्या गावावर आणि टेकडीवर सात रेघा ओढल्या. पेनाला टोपण लावलं. गेल्या.

साहेबांनी साबणाच्या पाण्यानं घासून घेतलं. रेघा निघाल्या नाहीत, म्हणून मी इथं. माझ्या जागी मोठा पडदा आलाय. त्याच्यावरही दाट धूर पांढराच दिसतो.

उद्या मला भंगारात नेणार आहेत. नेणाऱ्या दादा, काच फोडायची तर फोडा, पण या रेघा कोणाला घासू देऊ नका. त्यांच्याखाली एक टेकडी आहे. माझ्या उभ्या आयुष्यात माझ्यावर उमटलेला तेवढाच एक खरा नकाशा आहे.