अनवाणी राजा

"आधी सिनेमा बघते, मग काय ते सांगते," असं सासूबाईंनी सुनेला बजावून ठेवलं होतं.

सांगायचं होतं ते सुनेच्या कामाबद्दल. सिनेमातली माणसं चालतात, उठतात, बसतात, त्यांचे आवाज मागाहून एका बंद खोलीत करावे लागतात. ते सून करायची. वाळूच्या पेटीत उभं राहायचं, डोळे पडद्यावर लावायचे आणि दुसऱ्याची पावलं चालायची. या कामाला वेळकाळ नव्हता, त्यामुळे नात सासूबाईंच्या गळ्यात. त्यात जुन्या ऑफिसातून सुनेला परत बोलावणं आलेलं. असं वेळीअवेळी नातीला सांभाळायचं नाही असं सासूबाई म्हणाल्या असत्या, तर सुनेला निमूट तिकडे ठरल्या वेळेच्या नोकरीवर जावं लागलं असतं.

"पाय आपटायची कसली गं नोकरी?" त्या म्हणायच्या. "ही चिमुरडी दिवसभर तेच करते की!"

सुनेने पावलं दिलेला हा सिनेमा ग्रीकांच्या जुन्या महाकाव्यावरचा होता. खर्च अफाट, गाजावाजा त्याहून मोठा. लग्नानंतरच्या पहिल्या वर्षी सासूबाईंनी आणि यजमानांनी ते महाकाव्य मिळून वाचलं होतं, त्यामुळे त्या हौसेने गेल्या आणि अर्ध्या तासात वैतागल्या. शत्रूच्या शहराला इतक्या वर्षांचा वेढा, पण नायकाची दाढी कशी ती वाढलेली नाही.

"रणांगणावर रोज न्हावी येत असणार," त्या कुजबुजल्या.

देव विजेच्या माळांसारखे लुकलुकत होते. शेजारी सासूबाईंचा मुलगा घोरायला लागला. मागे कुणीतरी पॉपकॉर्न चावत विचारलं, "संपतंय कधी?" सून खुर्चीत अंग चोरून बसली होती.

मग म्हातारा राजा मुलाचं प्रेत मागायला शत्रूच्या छावणीकडे अनवाणी निघाला. नट यथातथाच होता. पण ढोलताशे थांबले आणि वाळूवर एक पाऊल वाजलं. मग फरफट. मग जरासा थांबा. परत पाऊल.

सासूबाई ताठ झाल्या. त्यांनी डोळे मिटून घेतले. अर्धांगाच्या झटक्यानंतर यजमान असेच चालायचे. डावा पाय ओढत यायचे आणि दाराशी आले की थबकायचे. धाप लागलेली कुणाला कळू नये, म्हणून.

तंबूच्या दाराशी राजा थबकला. मागचं पॉपकॉर्नही थांबलं.

पुढच्याच क्षणी नायकाने डरकाळी फोडली आणि सगळं पाण्यात गेलं.

बाहेर आल्यावर सून खाली मान घालून म्हणाली, "वाईटच झालाय हो, आई."

"वाईट? भंगार आहे नुसतं! पण ती चाल... ती ह्यांची ना गं?"

"तुम्हाला आधी विचारायला हवं होतं."

"अगं, पण तुला कळली कशी?"

"बाबा चालायला लागले की मी हातातलं काम थांबवून पलीकडून ऐकत राहायचे. पडतील की काय, वाटायचं. आधार द्यायला पुढे गेलेलं त्यांना आवडलं नसतं."

"नसतंच आवडलं." सासूबाई घुटमळल्या. "मला वाटायचं, ते दाराशी थांबणं मला एकटीलाच ठाऊक आहे." त्यांनी सुनेचा हात धरला. "केवढं ऐकतेस गं पोरी तू!"

मुलाने डोळे चोळत विचारलं, "मग ऑफिसला काय कळवायचं?"

"जमणार नाही म्हणून कळव. हिला काम आहे." आणि सुनेकडे वळून म्हणाल्या, "पण सकाळी लवकर जायचं असलं तर आदल्या दिवशी सांगत जा बाई. तुझी लेक वेणी घालताना एका जागी बसत नाही."