सत्तर अंशांवर उकळलेलं पाणी

भर दुपारी ट्रक-अड्ड्यावर शे-दीडशे माणसं एका इंजिनाभोवती श्वास रोखून उभी होती. ट्रकचं बॉनेट उघडं, आतून वाफेचे लोट, आणि त्या वाफेत पांढऱ्या झग्यातले शीतलबाबा. त्यांच्या चिमटीत बोराएवढा निळा मणी होता. मण्याच्या दोन्ही टोकांतून वायरची शेपटं बाहेर आली होती. दैवी मण्याला वायर कशाला लागते, हे विचारायचं कुणाला सुचलं नाही.

"इंजिन म्हणजे शरीर!" बाबा गरजले. "डिझेल म्हणजे रक्त! आणि मीटरचा काटा म्हणजे?"

"मन!" गर्दी ओरडली. तिला आता हे तोंडपाठ झालं होतं.

"मन शांत झालं की?"

"शरीर थंड!"

बाबांनी डोळे मिटले आणि मिटल्या डोळ्यांनी एक वायर कापली, सोलली, मण्याला जोडली, वर काळी पट्टी गुंडाळली. हात अशा सफाईने चालत होता की पूर्वाश्रमी हा माणूस गाड्यांची वायरिंग करत असणार, हे कुणाही आंधळ्याला कळावं. पण डोळस लोक हात जोडून उभे होते. मग ड्रायव्हरने चावी फिरवली. लाल पट्ट्यात जाणारा काटा या वेळी मधोमध येऊन थांबला. मोबाइलवर इंजिनाचा ताप दाखवणाऱ्या ॲपमध्ये एकशे बाराचे पंचाहत्तर झाले. गर्दीने तोंडात बोटं घातली.

"मण्याचं मोल नाही," बाबा म्हणाले. "तो फुकट. बसवायची मजुरी तेवढी द्या."

समोरच्या दुकानाच्या दारात मीटरताई कमरेवर हात ठेवून हे पाहत होती. तिचं खरं नाव अड्ड्यावर कुणालाच ठाऊक नव्हतं. वडिलांच्या हाताखाली मीटर दुरुस्त करायला शिकली, वडिलांमागे दुकान तिच्याकडे आलं, आणि ड्रायव्हर लोकांनी तिचं बारसं करून टाकलं. चहाचा कप निवायलासुद्धा पाच मिनिटं लागतात. इथे तीस लिटर उकळतं पाणी डोळ्याची पापणी लवते तोवर निवलं म्हणे. शिवाय काटा खाली आला तरी वाफ होती तशीच येत होती. तिकडे मात्र कुणाचं लक्ष नव्हतं, कारण सगळे काट्याकडे बघत होते.

त्या गर्दीत पहिल्या रांगेत तिचा धाकटा भाऊ होता.

संध्याकाळी तो दुकानात आला आणि त्याने तांब्याच्या नळीचं एक वेटोळं टेबलावर ठेवलं. टोकाला जुना गोल मीटर होता, तिनेच गेल्या वर्षी त्याच्या ट्रकला बसवून दिलेला.

"घे तुझा मीटर."

"का काढलास?"

"उगाच घाबरवतो गं. घाट लागला की लालमध्ये जातो. डॅशबोर्डवर बघ, सगळं ठीक. ॲपवर बघ, सगळं हिरवं. दोघं एक सांगतात आणि हा एकटा वेगळंच बोलतो. मग बहुमत कुणाचं?"

"म्हणजे मणी बसवून घेतलास." तिने कपाळाला हात लावला. "अरे, डॅशबोर्ड आणि ॲप दोघंही एकाच सेन्सरला विचारतात. इंजिनात उतरून बघून येत नाही कुणी. त्या सेन्सरचंच तोंड तुझ्या बाबाने दाबलंय. या मीटरची नळी थेट पाण्यात असते. मध्ये वायर नाही, वीज नाही. त्याला कोण फसवणार?"

"नवीन ॲप किती छान आहे पण. गाडी कुठे आहे, किती तापलीय, घरी बसून तुझ्या भावजयीलासुद्धा दिसतं."

"तिला आकडा दिसतो. गाडी दिसत नाही."

तो स्टुलावर बसला. हळू आवाजात म्हणाला, "मेकॅनिक म्हणतो इंजिन खोलून हेड उतरवावं लागेल. महिनाभर गाडी उभी. कारखानावाले महिनाभर थांबतील का माझ्यासाठी? दुसरी गाडी लावतील आणि मला विसरून जातील."

"म्हणजे तुला माहीत आहे, गाडी तापतेय."

त्याने टेबलावरचा मीटर बोटाने दूर सरकवला. मीटरताईला त्याचा राग आला आणि तितकीच कीवही आली. दुकानात येणारा प्रत्येक जण विचारायचा, ताई, कुठला मीटर चांगला? आणि प्रत्येकाच्या मनात असायचं, कुठला मीटर चांगलं बोलतो? इतकी वर्षं ती हे बघत आली होती. फक्त आता विचारणारा सख्खा भाऊ होता.

"उद्या सकाळी दहाला ये," ती म्हणाली. "सगळ्यांसमोर दाखवते काय भानगड आहे ती."

"उद्या पहाटे फेरी आहे," म्हणून तो निघून गेला.

अड्ड्यावरच्या सगळ्यात म्हाताऱ्या ड्रायव्हरने तिला आपला मणी काढून दिला. नातवाने हट्टाने बसवला होता, त्याला स्वतःला पटला नव्हता. तिने तो करवतीने कापला. आत मेण होतं, आणि मेणात तांदळाच्या दाण्याएवढा एक रेझिस्टर. रेडिओ दुरुस्तीच्या दुकानात असे मूठभर मिळतात.

दुसऱ्या दिवशी दहा वाजता तिने म्हाताऱ्याच्या बंद ट्रकसमोर टेबल मांडलं. त्यावर विजेची किटली आणि एक काचेचा थर्मामीटर. भावजयीला तिने मुद्दाम बोलावून घेतलं होतं. बहिणीचं ऐकत नाही, निदान बायकोचं तरी ऐकेल, ही एक आशा होती. शीतलबाबाही आले, मागे भक्तांचा लवाजमा घेऊन.

तिने ट्रकच्या इंजिनातला सेन्सर काढला, लांब वायर जोडली आणि तो उकळत्या किटलीत सोडला. थर्मामीटर अठ्ठ्याण्णव दाखवत होता. म्हाताऱ्याने चावी फिरवली. ॲपवरही अठ्ठ्याण्णव.

"इंजिन कालपासून बंद आहे," ती म्हणाली. "बर्फासारखं गार. हात लावून बघा. मग ॲप कुणाचा ताप सांगतंय? या किटलीचा. सेन्सर सांगेल ते ॲप ऐकतं. आता हे बघा."

तिने वायरमध्ये दुसरा, अख्खा मणी जोडला. हा शेजारच्या टायरवाल्याने स्वतःच्या गाडीतून काढून दिला होता. किटली खदखदत होती, थर्मामीटर अठ्ठ्याण्णववरून हलला नव्हता, आणि ॲपवर आकडा आला सत्तर. डॅशबोर्डचा काटाही मधोमध.

"सेन्सर जितका तापतो तितकी जास्त वीज सोडतो. त्यावरून गाडीला ताप कळतो. मण्यात ही वीज अडवणारा तुकडा आहे." तिने कापलेला मणी हातोहात फिरवला. "इंजिन तेवढंच तापतं. तुम्हाला कळत नाही, इतकंच."

माणसं तो डोळ्यांजवळ नेऊन बघू लागली. बाबा मात्र हसले.

"बघा, बघा! उकळतं पाणी सत्तरवर आणलं की नाही मण्याने? या बाईच्या हातून सिद्ध झालं!"

आणि खरंच, पाचपंचवीस माना डोलल्या. मीटरताईचं टाळकं सटकलं.

"थंड झालंय ना? मग घाला हात."

बाबांचे हात झग्याच्या बाह्यांत गेले. "मी परीक्षा द्यायला बसलेलो नाही," ते म्हणाले. टायरवाला खो खो हसला आणि त्याच्याबरोबर आणखी काही जण हसले.

भावजय हसली नाही. ती मोबाइलकडे बघत होती.

"वन्सं, यांची गाडी घाटात उभी आहे. अर्धा तास झाला." तिने मोबाइल मीटरताईपुढे धरला. "अठ्ठ्याण्णवचे सत्तर दिसतात, तर बहात्तर दिसत असतील तेव्हा खरे किती?"

"शंभरच्या वर. लाव फोन. लवकर लाव!"

पलीकडून भाऊ निवांत बोलला. "काही नाही गं, गाडीने दम टाकला. आता निवलीय, पाणी घालतो आणि निघतो."

मीटरताईने फोन हिसकावून घेतला. "झाकण उघडू नकोस! ऐकतोयस का? रेडिएटरला हात लावू नकोस!"

"ताई, ॲपवर बहात्तर आहे. तुझं आपलं नेहमीचंच."

त्यानंतर फोनमधून वाफ उसळल्याचा जो आवाज आला तो तिने कारखान्याच्या बॉयलरजवळ एकदा ऐकला होता. त्याच्यामागून भावाची किंकाळी आली. भावजय फोनकडे झेपावली. भोवतीची माणसं विचारत होती, काय झालं, काय झालं, आणि किटली अजून उकळतच होती.

जीव वाचला. हात आणि तोंड भाजलं होतं. डोळ्यांवर पट्ट्या होत्या, आणि पट्ट्या सुटल्यावर काय दिसेल ते डॉक्टरही सांगायला तयार नव्हते. आठवड्यानंतर टायरवाला हॉस्पिटलात भेटायला आला तेव्हा त्याने अड्ड्याची खबर आणली. त्या दिवशी सातआठ जणांनी मणी काढले होते. दोन दिवस लाल काटा बघत गाड्या हाकल्या आणि तिसऱ्या दिवशी पुन्हा बसवून घेतले. बाबांनी जागा बदलली होती, आता ते पेट्रोल पंपामागे बसत. मणी श्रद्धा असेल त्यालाच फळतो, ही नवी पुस्ती त्यांनी जोडली होती.

"तू किटली दाखवलीस ते सगळ्यांना पटलं गं ताई," टायरवाला म्हणाला. "पण म्हणतात, कळून करायचं काय? इंजिन उतरवायची ऐपत कुणाची आहे?"

भाऊ पट्ट्यांखालून ऐकत होता. टायरवाला गेल्यावर तो म्हणाला, "माझीच श्रद्धा कमी पडली. आदल्या संध्याकाळी तुझं ऐकून मनात शंका आली होती."

मीटरताईला रडू फुटलं. इतके दिवस तिने ते आवरून धरलं होतं. तिने किटली उकळली, मणी कापला, आकडे दाखवले, आणि शेवटी दोष आला तो शंकेच्या माथी. ज्या शंकेने त्याचे डोळे वाचले असते, तिलाच तो शिव्या देत होता.

दुपारी नर्सने थर्मामीटर त्याच्या काखेत लावला आणि दुसऱ्या खाटेकडे जाताना म्हणाली, "वाजला की बघून मला सांगा." थर्मामीटर वाजला. मीटरताईने तो खिडकीकडे धरून वाचला.

"किती आहे?" भावाने विचारलं.

भावजयीने डोळ्यांनी खुणावलं, कमी सांगा.

"एकशे तीन," मीटरताई म्हणाली. "कमी सांगितला म्हणून ताप उतरत नाही रे. औषध तेवढं चुकतं. आकडा आपल्याला बरं वाटावं म्हणून नसतो. काय करायचं ते कळावं म्हणून असतो. वाईट आकडा आला की पहिल्यांदा तो खरा आहे का ते बघावं, आणि खरा असला तर कामाला लागावं. याहून जास्त मला काही येत नाही, आणि एवढं सांगायलाही तू मला कधी जागा दिली नाहीस."

त्याने मान भिंतीकडे वळवली. मग त्याने भाजलेला हात बायकोच्या दिशेने किंचित हलवला.

"तू सांग. किती आहे?"

किटली भावजयीने स्वतःच्या डोळ्यांनी पाहिली होती. बहात्तरचे खरे किती, हा प्रश्न सगळ्यांत आधी तिनेच विचारला होता. तिने नणंदेकडे पाहिलं आणि मान खाली घातली.

"शंभर," ती म्हणाली. "शंभरच्या आतच आहे."

त्याने सुटकेचा श्वास टाकला. मीटरताई थर्मामीटर मुठीत धरून उठली आणि नर्सला गाठायला निघाली.

"एकशे तीन आहे," तिने दारातूनच सांगितलं. "लवकर या."