लोण्यासारखा क्लच

गाडीच्या बाबतीत मास्तरला कुणी शिकवलेलं चालत नसे. सगळी गल्ली त्याला मास्तर म्हणायची, एक थोरली बहीण सोडून. ती त्याला अजून बाळ्याच म्हणे. पन्नाशी उलटलेला, पोट सुटलेला, स्वतःच्या गॅरेजात हाताखाली दोन माणसं असलेला बाळ्या. पण ताईपुढे त्याचं काही चालत नसे. आईच्या माघारी तिनेच त्याला वाढवलं होतं.

ताई डोंगरावरच्या दवाखान्यात नर्स होती. सकाळी गाडी घेऊन वर जायची, दुपारी खाली उतरायची. रस्ता असा, की एका बाजूला डोंगराचा कडा आणि दुसऱ्या बाजूला काहीच नाही. तीन आठवड्यांपूर्वी तिच्या गाडीचं इंजिन थरथरायला लागलं. ज्या रबरी माउंटांवर इंजिन बसतं, ते झिजले होते. कंपनीचे यायला महिना लागणार होता. मास्तरला एवढा धीर कुठला? त्याने बाहेरचे आणले, जाडजूड, कंपनीच्या तोंडात मारतील असे, आणि एका दुपारीत बसवूनही टाकले.

चार दिवसांनी ताईचा फोन आला. "बाळ्या, क्लच जड झालाय रे."

"नवीन माल आहे. बसेल हळूहळू."

"माउंट नवीन आहेत. क्लच तर जुनाच आहे ना?"

प्रश्न बिनतोड होता, म्हणून मास्तर चिडला. नाचता येईना अंगण वाकडं, असं काहीतरी पुटपुटून त्याने फोन ठेवला.

पुढच्या आठवड्यात ती स्वतःच गाडी घेऊन आली. पेडल दाबताना तिचा गुडघा थरथरत होता. मास्तरने पेडलच्या सांध्यात तेल घातलं, केबलचा ताण कमी केला, आणि वर ताईलाच ऐकवलं की वय झालंय तुझं. चार दिवसांत पेडल पुन्हा दगड झालं. शेवटी परवा त्याने केबलच बदलली, तीही बाहेरचीच, टोकाला प्लास्टिकची टोपी असलेली. पेडल असं मऊ झालं की ताई पहिल्यांदा हसली.

"लोण्यासारखा झाला बघ क्लच," ती म्हणाली.

"मग! सांगितलं नव्हतं?" मास्तर म्हणाला. खरं तर त्याने तसं काही सांगितलं नव्हतं. पण पडलो तरी नाक वर, अशातला तो माणूस.

आज जेवणं आटोपल्यावर गॅरेजात काम नव्हतं. टेबलावर ताईच्या गाडीची जुनी केबल वेटोळं होऊन पडली होती. ती अशी काय अडकत होती ते बघावं म्हणून मास्तरने कटरने तिचं वरचं वेष्टण उभं चिरलं. आतली तार ज्या प्लास्टिकच्या नळीतून सरकते, ती नळी वितळून तारेला चिकटून बसली होती. एका जागी नाही, या टोकापासून त्या टोकापर्यंत.

त्याने केबल नाकाशी धरली. जळका वास होता. सायलेन्सरचा पाइप लागला असता तर बाहेरून, एकाच जागी जळाली असती. ही आतून जळली होती. तारेतून वीज वाहिल्याशिवाय असं होत नाही, आणि क्लचच्या केबलमधून वीज वाहायचं काही कारण नसतं. कारण एकच असू शकतं. ते आठवलं आणि मास्तर स्टुलावर बसला.

इंजिनापासून गाडीच्या सांगाड्याला एक जाड अर्थिंगची वायर जाते. किल्ली फिरवली की स्टार्टरला लागणारी सगळी वीज तिच्यातून परत जाते. जुन्या माउंटवर त्या वायरचा बोल्ट होता. बाहेरच्या माउंटला तसं भोकच नव्हतं. मास्तरने वायर बाजूला बांधून ठेवली होती, नंतर बघू म्हणून. गाडी सुरू झाली, त्यामुळे नंतर बघायचं राहून गेलं. विजेला परतीची वाट हवीच असते. तिने क्लचची केबल धरली आणि रोज थोडी थोडी जाळली. आणि त्याने काय केलं, तर पेडलला तेल घातलं. रोग रेड्याला, औषध पखालीला.

मग त्याला नव्या केबलची प्लास्टिकची टोपी आठवली. प्लास्टिकमधून वीज जात नाही, म्हणजे परवापासून ती वाटही बंद झाली होती. आता इंजिन आणि सांगाडा यांना जोडणारी दुसरी तार कुठली? मास्तरला बोटांवर मोजायची गरज नव्हती. ॲक्सिलरेटरची. क्लच चिकटला तर पाय दुखतो. ॲक्सिलरेटर चिकटला तर गाडी थांबत नाही.

घड्याळात तीन वाजून दहा मिनिटं झाली होती. तीनला ताईची सुट्टी होते.

त्याने ताईचा नंबर फिरवला. तो दुसऱ्या खेपेला लागला. तिने गाडीतल्या स्पीकरवर फोन घेतला. मागे इंजिन गुरगुरत होतं.

"ताई, गाडी थांबव."

"उतारावर आहे रे. खाली आल्यावर बोलते."

"आत्ता थांबव."

"परवा म्हणालास सगळं ठीक आहे. त्याआधी म्हणालास माझं वय झालंय. आता काय नवीन?"

मोडेन पण वाकणार नाही, हे मास्तरचं आयुष्यभराचं ब्रीद. या घटकेला त्याने ते गिळलं.

"माझी चूक झाली ताई," तो म्हणाला. "वायर जोडायची मी विसरलो. तुझं सगळं बरोबर होतं."

मग ती सावकाश म्हणाली, "बाळ्या, ॲक्सिलरेटरवरून पाय काढलाय मी. वेग कमी होत नाहीये."

इंजिनाचा आवाज फोनमधून चढत चालला होता.

"क्लच पूर्ण दाब आणि दाबूनच ठेव. इंजिन ओरडेल, ओरडू दे. ब्रेकवर सगळा जोर दे. आता किल्ली एकच टप्पा मागे फिरव. बाहेर काढू नकोस, स्टिअरिंग अडकेल. डोंगराच्या अंगाला घे."

इंजिन किंचाळलं आणि बंद पडलं. त्यानंतर नुसती टायरची घरघर, मग पत्रा दगडाला घासल्याचा लांबलचक आवाज, आणि मग काहीच नाही. मास्तर ताई, ताई म्हणत राहिला.

"थांबली," बऱ्याच वेळाने ती म्हणाली. "आरसा गेला. मी ठीक आहे."

"हँडब्रेक लाव. किल्लीला हात लावू नकोस. मी निघालोच, वायर घेऊन येतो, तिथल्या तिथे जोडून—"

"ये," ताई म्हणाली. तिच्या आवाजात राग नव्हता, आणि तेच त्याला सोसवेना. "पण येताना दुसरा मेकॅनिक घेऊन ये. तू हात लावू नकोस गाडीला."

"बरं," मास्तर म्हणाला.

त्याने फोन खिशात टाकला, कटर टेबलावर ठेवला आणि समोरच्या गॅरेजवाल्याला बोलवायला रस्ता ओलांडून गेला.