भोक न पाडता लावलेली नंबरप्लेट

मित्रांनो, माझा एक कोपरा दुमडलेला आहे आणि पाठीवर जुन्या गोंदाचे काळे डाग आहेत. मी एका गाडीची पुढची नंबरप्लेट आहे. जन्मले तेव्हा मी अशी नव्हते. तेव्हा मी आरशासारखी सपाट होते आणि माझ्या जिवाला एकच आस होती, की कुणीतरी मला वाचावं.

एका छोट्या कारखान्यात पत्र्याच्या मोठ्या तुकड्यातून मला कापलं. मग साच्यात घालून दाबलं. आकडे उठून आले, त्यांच्यावरून काळ्या रंगाचा रूळ फिरला. माझ्याबरोबर माझी जुळी बहीणही तयार झाली. आमच्या अंगावर तीच अक्षरं, तेच आकडे. ती गाडीच्या मागे लागणार होती आणि मी पुढे. पुढे म्हणजे मान जास्त, असं मला तेव्हा वाटलं. किती भोळी होते मी!

आमची गाडी लाल होती, जमिनीला टेकेल इतकी बुटकी, दोनच दारांची आणि शर्यतीच्या गाडीसारखी धावणारी. मालक दातांचे डॉक्टर होते. गाडी घेतल्यावर ते आम्हा दोघींना घेऊन गॅरेजमध्ये गेले. माझ्या बहिणीची जागा मागे आधीच ठरलेली होती. दोन स्क्रू पिळले आणि ती कायमची बसली. पुढच्या बंपरवर मात्र माझ्यासाठी जागाच नव्हती. तो नुसता गुळगुळीत आणि चकचकीत होता. मेकॅनिकनं ड्रिल उचललं.

"ते खाली ठेवा," डॉक्टर म्हणाले. "माझ्या गाडीला भोक पाडायचं नाही."

"डॉक्टर, दोनच बारीक भोकं. प्लेटच्या मागे झाकली जातील."

"झाकली तरी असतीलच ना."

मेकॅनिक हसला. "तुम्ही दिवसभर लोकांच्या दातांना भोकं पाडता, आणि गाडीला दोन पाडायला घाबरता?"

"त्या दातांना कीड लागलेली असते. माझ्या गाडीला लागलेली नाही," डॉक्टर म्हणाले. ते हसले नाहीत.

शेवटी माझ्या पाठीला दोन्हीकडून चिकटणारी टेप लावली आणि मला बंपरवर दाबलं. मी तिथे चिकटले, पण बसले नाही. चिकटणं वेगळं आणि बसणं वेगळं, हे मला फार लवकर कळलं.

मित्रांनो, नको असलेल्या पाहुण्यासारखं जगणं तुमच्या वाट्याला कधी न येवो. डॉक्टर रोज सकाळी गाडी पुसायचे. दिवे, आरसे, चाकं सगळं कापडानं घासायचे. माझ्यापाशी आले की कापड बाजूनं वळायचं. गाडीचा फोटो काढायचा असला की मला नखानं उचकटून मागच्या सीटवर फेकायचे. फोटो झाला की परत चिकटवायचे, कधी विसरायचे. गाडी बघायला आलेल्या मित्राला एकदा ते म्हणाले, "एवढा देखणा चेहरा, आणि त्याच्यावर हे ठिगळ." मित्र हसला. मी ऐकत होते.

उन्हात गोंद पातळ व्हायचा आणि मी एका बाजूला कलायचे. थंडीत तो कडक होऊन सुटायचा. कितीतरी दिवस मी डिकीत, पान्ह्यांच्या आणि मळकट फडक्यांच्या सोबतीला काढले. कधी शेजारच्या सीटवर असले, तर वाहतूक पोलीस दिसला की डॉक्टर मला काचेच्या आत टेकवायचे आणि पुढच्या वळणावर उलटी टाकायचे. खोटं बोलायला मला वापरायचे, असंच म्हणा ना. मलाही त्यांचा मनापासून राग येऊ लागला. त्यांना मी नको होते आणि मला ते.

डॉक्टरांची बायको शाळेत गणित शिकवायची. तिला गाडीचं कौतुक नव्हतं, पण नियमाचं होतं.

"अहो, ती प्लेट एकदा नीट लावून घ्या ना," ती म्हणायची.

"तुला त्यातलं काय कळतं?" हे त्यांचं ठरलेलं उत्तर. मग ती वह्या तपासायला बसायची. त्या घरात वाद फार वेळ चालत नसे, कारण एकच माणूस वाद घालत असे.

एका सकाळी तिनं मला डिकीतून स्वतः बाहेर काढलं. माझी पाठ ओल्या फडक्यानं घासली, शाळेतून आणलेली, दोन्हीकडून चिकटणारी नवी हिरवी टेप लावली आणि मला बंपरवर तळव्यानं दाबून धरलं. डॉक्टर दवाखान्यासाठी बाहेर आले, मला पाहून त्यांनी तोंड वाकडं केलं. पण उशीर झाला होता, काढायला वेळ नव्हता. तिनं फाटक उघडलं. गाडी सुटली.

बेकरीपाशी रस्ता वळतो. डॉक्टरांनी वळण आतून कापलं. समोरून विजेचे मीटर वाचणाऱ्या बाई सायकलवरून येत होत्या, खांद्याला पिशवी, आपल्या बाजूनं, सावकाश. बंपर सायकलला घासला. हँडलचं टोक माझ्या कोपऱ्यात अडकलं आणि मला ओढून घेऊन गेलं. सायकल पडली, बाई पडल्या, मी पडले. त्यांचं तोंड जमिनीकडे होतं आणि हात अंगाखाली मुडपला होता.

गाडी थांबली. दार थोडं उघडलं. मला वाटलं, आता ते उतरतील. मी त्यांचा कितीही राग करत असले तरी तेवढं मी धरून चालले होते. दार पुन्हा लागलं. गाडी निघून गेली. माझ्या बहिणीला मी पाठमोरी जाताना पाहिलं, पण बाईंनी मान वर करेपर्यंत ती वळणाआड गेली होती.

बेकरीवाला पिठाच्या हातांनीच धावत आला. "बाई, हात हलवू नका. मोडलेला दिसतोय."

"ती पाटी द्या," बाई म्हणाल्या.

"आधी बसा तर नीट."

"आधी ती पाटी द्या."

त्यानं मला उचलून दिलं. बाईंनी चांगल्या हातानं मला छातीशी धरलं. दवाखान्यात प्लास्टर घालतानाही सोडलं नाही. त्या रात्री मी त्यांच्या उशीखाली होते. मित्रांनो, जन्मल्यापासून मला कुणी असं जवळ घेतलं नव्हतं.

दोन-चार दिवसांनी पोलीस चौकीत मी टेबलावर पडले होते. एका बाजूला बाई, गळ्यात हात अडकवलेल्या. दुसऱ्या बाजूला डॉक्टर आणि त्यांची बायको. माझ्यावरून पत्ता शोधायला चौकीवरच्या साहेबांना वेळ लागला नव्हता.

"प्लेट आमचीच आहे," डॉक्टर शांतपणे म्हणाले. "पण ती गेल्याच आठवड्यात कुठेतरी पडली. नुसत्या टेपवर होती. कुणाच्या तरी पायानं लोटली जाऊन तिथे पोचली असेल."

"लाल गाडी होती," बाई म्हणाल्या. "मी पाहिली."

"गावात लाल गाडी काय माझ्या एकट्याचीच आहे? तुम्ही पडलात, घाबरलात. तुमचा तोल गेला असेल."

"आमच्या ऑफिसातही हेच म्हणतात. स्वतःच पडलीस म्हणतात. हाताशिवाय मला कामावर ठेवणार नाहीत, आणि चूक माझी ठरली तर औषधपाणीही बघणार नाहीत." बाईंचा आवाज चढला नाही. त्या डॉक्टरांकडे टक लावून बघत राहिल्या. "तुम्ही दार उघडलं होतं. आवाज ऐकला मी. उघडलं आणि लावलं."

डॉक्टरांनी खिडकीकडे पाहिलं. बेकरीवाला बाहेर आला तेव्हा गाडी गेली होती. मी टेबलावर पडून तडफडत होते. माझ्या अंगावर सगळं लिहिलेलं होतं, फक्त तो दिवस लिहिलेला नव्हता.

तेवढ्यात डॉक्टरांच्या बायकोनं हात पुढे केला आणि मला पालथं घातलं. पाठीवर हिरव्या टेपची एक पट्टी अजून चिकटून होती.

"ही टेप मी लावली," ती म्हणाली. "त्याच दिवशी सकाळी. रीळ घरी आहे, हवं तर आणून देते."

"तू यात पडू नकोस," डॉक्टर दातांतल्या दातांत म्हणाले.

"मी फाटक उघडत होते. गाडी माझ्यासमोरून बाहेर गेली. प्लेट जागेवर होती, मी वाचली." मग ती साहेबांकडे वळली. "लिहून घ्या."

त्यानंतर त्या घरात फार थोडं बोललं गेलं. डॉक्टरांचा गाडी चालवायचा परवाना काढून घेतला. बाईंच्या हाताचं दोनदा ऑपरेशन झालं आणि त्याच्या खर्चाचा भार डॉक्टरांवर पडला. पेशंट समोर आ करून बसत, पण बाहेर गेल्यावर त्यांच्याचबद्दल बोलत. बायकोला ते जेवायलाही हाक मारत नसत. आणि दवाखान्यात जायचं तर तिच्याच शेजारी बसून जावं लागे, कारण गाडीची किल्ली आता तिच्याकडे होती.

तिनं मला गॅरेजमध्ये नेलं. डॉक्टरही गाडीत होते. मेकॅनिकनं माझा कोपरा ठोकून सरळ केला, पण पूर्ण सरळ झाला नाही. मग त्यानं बंपरवरचं एक चिमुकलं झाकण उघडलं.

"गाडी बंद पडली की ओढून न्यायला इथे हूक लावतात," तो म्हणाला. "आटे आतच असतात. त्यात दांडा पिळायचा, दांड्याला पट्टी, पट्टीला प्लेट. भोक पाडायचं कामच नाही, आणि हत्तीनं ओढली तरी निघायची नाही. फक्त मधोमध येणार नाही, एका अंगाला येईल."

"वाईट दिसेल," डॉक्टर आतून म्हणाले. कितीतरी दिवसांत त्यांनी बायकोशी बोललेलं हे पहिलं वाक्य.

"दिसू दे," ती म्हणाली.

दांडा फिरत फिरत आत गेला. मग आणखी एक पीळ, आणि आणखी एक. मी बसले. या वेळी खरोखर बसले.

डॉक्टर अजून माझ्यासमोरून जात नाहीत. गाडीच्या मागून वळसा घालून दारापाशी येतात. मलाही त्यांचं प्रेम नको आहे.

मित्रांनो, उद्या तुम्ही मोठे व्हाल, गाड्या घ्याल. त्या देखण्या असोत, मला हेवा नाही. भोक पाडायचं नसेल तर नका पाडू. वाट शोधली की सापडते. पण माझ्यासारखीला घट्ट बसवा आणि पुसताना माझ्यावरूनही कापड फिरवा. मी गाडीच्या शोभेसाठी नाही. रस्त्यावर पडलेल्या माणसाला, हे कुणी केलं ते सांगता यावं, म्हणून मी आहे.

मीटर वाचणाऱ्या बाई आता पायी फिरतात, हँडल धरवत नाही म्हणून. गेल्या महिन्यात त्या आमच्या घरी आल्या. डॉक्टरांच्या बायकोनं विचारलं, "पाणी देऊ?"

"नको," बाई म्हणाल्या. मीटर वाचला, आकडा टिपला. जाताना गाडीपाशी थांबल्या, वाकल्या आणि मोडलेल्या हातानं मला धरून ओढून पाहिलं. बोटं पुरती मिटत नव्हती. तरी त्यांनी जोर लावला.

मी हलले नाही. त्या फाटकाबाहेर गेल्या. पुढच्या महिन्यात येतील तेव्हा पुन्हा ओढून पाहतील. त्यांनी पाहावंच.