झाकण उघडलं तर काय होतं?

बालमित्रांनो, मी एक जुनी शीतपेटी आहे आणि सध्या फार वैतागलेली आहे. घरातलं माणूस गेलं आणि त्याचं जवळचं कोणी लांबून यायचं असलं, की तोवर त्याला माझ्यात ठेवतात. घाबरू नका. आइस्क्रीमच्या दुकानातला फ्रीज माझा सख्खा भाऊ आहे. आम्ही एकाच शेडमध्ये, एकाच मिस्त्रीच्या हातून घडलो. तो पोरांच्या गराड्यात गेला, मी बोईसरजवळ सालवडला आले. नशीब एकेकाचं!

इथल्या एका मंडळाने मला आणलं. नारळ फुटला, फीत कापली. पाहुण्यांनी माइकवरून सांगितलं, "सर्व नागरिकांनी या सुविधेचा लाभ घ्यावा." लोकांनी टाळ्या वाजवल्या आणि मग एकमेकांची तोंडं बघितली. माझं कौतुक झालं ते तेवढंच. एरवी मी मंडळाच्या खोलीत गणपतीच्या जुन्या मखराशेजारी पडून असते. मुलं माझ्यावर बोर्ड ठेवून कॅरम खेळतात. त्याचा मला राग नाही.

राग येतो तो मोठ्यांचा. माझ्या काचेच्या झाकणावर मंडळाने एक चिठ्ठी चिकटवली आहे, 'कृपया झाकण उघडू नये'. येताजाता कुणी उगाच उघडझाप करू नये, एवढाच तिचा हेतू. पण दुःखात माणसं ती देवाची आज्ञा असल्यासारखी पाळतात. काचेवर हारांचा ढीग घालून चेहरा झाकतात, मग तेच हार बाजूला सारून फोनवर लांबच्या नातेवाइकांना तो दाखवतात. एकाने तर माझ्यावर चहाचा कप ठेवला होता. कितीतरी बायका-मुलांनी नुसतं काचेला कपाळ टेकून निरोप घेतला. अरे, मला कडी आहे, कुलूप नाही! चार मिनिटं झाकण उघडलं तर मला जरा जास्त घुरघुरावं लागतं, दुसरं काही होत नाही. पण हे सांगायला मला तोंड कुठे आहे?

गेल्या महिन्यात सालवडच्या एका चाळीतले शिवाजीराव गेले. मूळचे जतकडचे, पण उमेदीची सारी वर्षं तारापूरच्या रसायनांच्या कारखान्यात गेली. तिथल्या वासाने त्यांचं डोकं धरायचं, म्हणून कामावरून आले की त्यांची बायको मैनाबाई रोज त्यांच्या डोक्याला खोबरेल चोळून द्यायची. नोकरी संपली तरी तो नेम चुकला नाही. शेवटचे आठ दिवस मात्र ते दवाखान्यात होते. तिथे कोण तेल लावणार? माझ्यात आणून ठेवलं तेव्हा त्यांचे केस कोरडे, पिंजारलेले होते.

"ह्यांचं केस बघा की कसं झाल्यात," मैनाबाई म्हणाली. "जरा हात लावू द्या."

मंडळाचा कमलेश मला दोन जिने चढवून घेऊन आला होता. माणूस भला, पण भित्रा. "मावशी, झाकन उघडायचा नाय," तो म्हणाला. "थंडी जाते."

तेवढ्यात मुलाचा, सुजितचा, मस्कतहून फोन आला. "आई, कुणालाही झाकण उघडू देऊ नकोस. मी येईपर्यंत बाबांना काही होता कामा नये."

अहो, आता त्यांना आणखी काय व्हायचं राहिलं होतं! मी नुसती घुरघुरत राहिले. मैनाबाई तेलाची बाटली पदराखाली धरून दिवसभर माझ्याशेजारी बसली. पुढचं मला ठाऊक होतं. मुलगा येणार, पुरुष मंडळी घाईघाईने आंघोळ घालणार, खांदा देऊन निघणार आणि ही मागे दारात उभी राहणार. असं मी फार वेळा पाहिलं आहे.

दुसऱ्या दिवशी सकाळी ठमी आली. सफाळ्याच्या पलीकडून ती वर्षानुवर्षं या दारी रानभाजी घेऊन येते. तिने पाटी बाहेर ठेवली आणि मैनाबाईला विचारलं, "हात लावलास का त्याला?"

"उघडू नका म्हणत्यात."

"कोन म्हनतं?"

मैनाबाईने चिठ्ठीकडे बोट दाखवलं. ठमीने ती सावकाश वाचली, "हां" म्हणाली आणि कडी काढली.

"अगं, थंडी जाईल!" कमलेश ओरडला.

"जाऊं दे. मानूस चाललाय, नि तू थंडीचा काय घेऊन बसलास?"

मैनाबाईने तळव्यावर तेल घेतलं. गार डोक्याला बोटं लागताच तिने दचकून हात मागे घेतला. मग पुन्हा पुढे केला. "लई गार पडलासा हो," म्हणत ती चोळायला लागली. कंगव्याने भांग पाडला. "कधी मोठ्यानं बोलला न्हाईसा मला," ती त्यांना म्हणाली. "दोनदा बोललासा, पण ते जाऊ द्या." तिचं झाल्यावर कमलेशनेच हलक्या हाताने झाकण लावलं. इतक्या वर्षांत पहिल्यांदा मला माझ्या कामाचं बरं वाटलं.

दुपारी सुजित आला. बापाचे विंचरलेले केस बघून तो थबकला. "झाकण कोणी उघडलं?"

कमलेशने मान खाली घातली.

"मी," मैनाबाई म्हणाली आणि बाटली त्याच्यापुढे धरली. "थोडं उरलंय. घे."

सुजितने बाटली घेतली. मग त्याने स्वतःच कडी काढली. प्रवासाची बॅग अजून त्याच्या खांद्यावरच होती.

मित्रांनो, माझी गेलेली थंडी अर्ध्या तासात भरून आली. तुमच्या घरी यायची वेळ माझ्यावर कधी न येवो. पण आलेच, तर मोठी माणसं चिठ्ठ्या वाचत उभी राहतील. तुम्ही तुमच्या आजीजवळ जा, तिला काय करायचं राहिलं आहे ते विचारा. आणि तिचं करून होईपर्यंत कुणालाही घाई करू देऊ नका.