मागच्या दारावर दगड

मित्रांनो, स्लोन्स फेरी गावच्या शाळेत शिरलात की डाव्या हाताला काचेचं कपाट लागतं. त्यात कपांच्या गर्दीत लाकडी बैठकीवर एक काळपट, पोचट चेंडू ठेवलाय ना, तो मी. गोल नाही, दोन्ही टोकांना निमुळता. खालच्या पितळी पट्टीवर कोरलेलं नाव माझं नाही. ज्याचं असायला हवं होतं त्याचंही नाही. मी चिडलेला आहे, हे आधीच सांगून ठेवतो. गोडगोड बोलणारा चेंडू हवा असेल तर दुसऱ्या शाळेत जा.

लोक मला डुकराचं कातडं म्हणतात. तेही खोटं. मी गाईच्या कातड्याचा. चार तुकडे उलटे धरून शिवले, मग वाफेने नरम करून सुलटे केले, पोटात रबरी फुगा घातला आणि वर दोरीची वीण आवळली. जन्मालाच अशी उलटापालट झालेली, तेव्हा पुढचं आयुष्य कसं जाणार हे मी ओळखायला हवं होतं. शाळेत आलो तेव्हा अंगावर छान चकाकी होती. रिक पावोने नावाच्या पोराने ओल्या ब्रशने घासघासून ती घालवली, कारण गुळगुळीत चेंडू हातातून सटकतो. आमच्या खेळात, म्हणजे अमेरिकन फुटबॉलमध्ये, प्रत्येक संघ आपल्या चढाईला आपलाच चेंडू वापरतो. त्यामुळे त्या वर्षीची स्लोन्स फेरीची सगळी चढाई माझ्याच अंगावरून गेली.

मला पुढे न्यायच्या वाटा दोनच. एक तर लांब पास फेकायचा, नाही तर कुशीत धरून धावायचं. फेकणारा रिक, धावणारा मिलान हुदाक. रिकने फेकलं की मी गरगरत वर जायचो, अंगाला वारा लागायचा, आणि खाली सगळं गाव तोंड उघडं टाकून बघत राहायचं. आवडायचं मला, नाही कशाला म्हणू? पण मिलानची कुशी वेगळी होती. माझं एक टोक त्याच्या पंज्यात, दुसरं कोपराच्या खोबणीत, पोट बरगड्यांना चिकटलेलं. तिथे मला त्याचं काळीज ऐकू यायचं. धावताना तो सारखा पुटपुटायचा, "पाय, पाय, पाय." अंगावर चार जण लोंबकळले तरी पाय हलवत राहायचं, ही त्याच्या बापाची शिकवण. 

तो बाप, स्टीव्ह हुदाक, त्या उन्हाळ्यात घरी बसला होता. नदीकाठच्या पोलाद कारखान्याची भट्टी विझली आणि अर्धं गाव तसंच घरी बसलं. पूर्वी इथल्या पोरांना शाळा संपली की कारखान्याचं फाटक ठरलेलं असायचं. आता तेही नव्हतं. मिलानपुढे एकच रस्ता होता. ओहायोतलं एक कॉलेज चांगल्या धावणाऱ्याला फुकट शिकवायला तयार होतं. त्यांचा माणूस नोव्हेंबरअखेरच्या थँक्सगिव्हिंग सणाच्या सकाळी, शेजारच्या पाइक हिल गावाविरुद्धच्या सामन्याला त्याला बघायला येणार होता. या सामन्यासाठी आमच्याकडे सणाच्या जेवणाचा टर्की पक्षी ओव्हनमध्ये सोडून बायकासुद्धा मैदानावर येतात.

कोच डेल ऑस्टर त्याच वर्षी नवा आलेला. दर सोमवारी संध्याकाळी अग्निशामक दलाच्या हॉलमध्ये गावातले बाप्ये जमायचे, कोच आधीच्या सामन्याची फिल्म दाखवायचा आणि हे सगळे त्याची अक्कल काढायचे. तशी रीतच आहे इथली. कोच मला हातात धरून बोलायचा, म्हणून सगळं मी ऐकलंय. समर्थक मंडळाचा अध्यक्ष चक मॅकनल्टी, खिळेमोळे विकणारा, पहिल्याच सोमवारी उठून उभा राहिला.

"ही फेकाफेकी कसली? आळशांचे धंदे! आमच्या वेळी डोकं खाली घालून सरळ घुसायचो आम्ही."

"तुमचं डोकं खाली," कोच म्हणाला, "आणि त्यांची अकराच्या अकरा पोरं समोर वाट बघत उभी. म्हणून तर दरवर्षी मार खाता."

मॅकनल्टी असा लाल झाला की विचारू नका.

दुसऱ्या दिवशी मैदानावर कोचने पोरांना गोल बसवलं. "एखाद्या घरात शिरायचंय, आणि सगळी माणसं पुढच्या दारात काठ्या घेऊन उभी आहेत. मग काय करायचं? मागच्या दारावर दगड मारत राहायचं. दणादण. माणसं घाबरून मागे धावली, की पुढचं दार मोकळं. रिकचे पास म्हणजे ते दगड. आणि आत शिरणार मिलान."

"आणि तोवर मी काय करू?" मिलानने विचारलं.

"तोवर रिकच्या अंगावर येणाऱ्यांना अडवायचं."

"म्हणजे तोवर मी दगड वेचू?"

पोरं खिदळली. कोचही हसला. त्याने मला मिलानच्या मांडीवर टाकलं आणि म्हणाला, "वेच की. घर तुझंच आहे बाबा."

आणि जमलं की हो! सामन्याच्या चारांपैकी तीन सत्रं रिक माझे दगड मारायचा, समोरची पोरं मागे मागे सरकायची, आणि चौथ्या सत्रात मिलान मला घेऊन मोकळ्या रानातून सुटायचा. सामने जिंकत गेलो. पण गावाला मिलान दिसलाच नाही. गावाने डोक्यावर घेतले ते दगड. ऑक्टोबर उजाडेतो मॅकनल्टीच्या दुकानाच्या खिडकीत रिकचा हा एवढा फोटो लागला. चर्चच्या तळघरात पिरोगी, म्हणजे बटाट्याच्या सारणाच्या करंज्या, लाटणाऱ्या बायका पोरांची नावं रिक ठेवायच्या गोष्टी करू लागल्या. सोमवारी फिल्ममध्ये मिलान धावू लागला, की मॅकनल्टी कॉफी आणायला उठायचा.

त्यातच या शेवटच्या सामन्याच्या तोंडावर कोणीतरी शोध लावला, की एका हंगामात सगळ्यात जास्त पास गोलरेषेपार पोचवण्याचा आमच्या नदीखोऱ्यातल्या शाळांचा विक्रम मोडायला रिकला एकच पास कमी आहे. झालं! पिसाळलं गाव. शिवाय कोचला पुढच्या वर्षी ठेवायचं की नाही, हे शाळेचं मंडळ डिसेंबरात ठरवणार, आणि त्या मंडळावर मॅकनल्टीचा सख्खा मेहुणा. कळलं ना?

सामन्याची सकाळ कडाक्याच्या थंडीची होती. कॉलेजचा माणूस कुंपणाशी उभा होता, उंच, तपकिरी टोपीवाला. त्याच्या शेजारी स्टीव्ह हुदाक, हातात थर्मास. कोचने त्या माणसाला आधीच सांगितलं होतं, "घाई करू नका. पोरगा शेवटच्या सत्रात दिसेल."

सुरुवातीला कोचने मिलानला एकदोनदा पळवलं, तेही पाइक हिल अकराच्या अकरा पुढे दाटून उभी असताना. मी त्याच्यासकट ढिगाऱ्याखाली गेलो. मग पास सुरू झाले. एकामागून एक. पाइक हिलची पोरं आधी दोन पावलं मागे गेली, मग दहा. शेवटचं सत्र आलं. गुण बरोबरीत, घड्याळ संपत आलेलं, गोलरेषा वीसेक पावलांवर. समोर एवढं मोकळं मैदान, की गुरं चरायला सोडावीत. याच क्षणासाठी सगळा हंगाम खर्ची घातला होता.

कोचने खेळ थांबवला आणि मैदानात आला. पंच मला काखेत धरून तिथेच उभा होता.

"मिलानला द्यायचा," कोच म्हणाला. "सरळ मधून."

मिलानने एक मोठा श्वास सोडला. एवढ्यात कुंपणावरून गर्जना सुरू झाली. "फेक! फेक! फेक!" सगळ्यांत पुढे मॅकनल्टी, तोच, डोकं खाली घालून घुसणारा, आता कुंपणावर चढून हात हलवत ओरडत होता. कोचने त्याच्याकडे बघितलं. मग जमिनीकडे.

"थांबा," तो म्हणाला. "पासच घेऊ."

"कोच, समोर कोणी नाहीये!" मिलानचा आवाज चिरकला. "तो माणूस आलाय, कोच. तुम्ही म्हणाला होतात..."

"माहितीये मला. तू डावीकडून येणाऱ्याला अडव."

"कोच..."

"अडव म्हटलं ना!"

रिकने मिलानच्या पाठीवर हात ठेवला. "माफ कर रे," म्हणाला. पण विक्रम नको, असं काही तो म्हणाला नाही.

मी रिकच्या हातात आलो. डावीकडून पाइक हिलचा एक रेड्यासारखा पोरगा सुटला. मिलान त्याच्या वाटेत होता. एक पाऊल बाजूला सरकला असता तर रिक आडवा झाला असता, पास राहिला असता, आणि पुढच्या खेळीला कोचने कदाचित मिलानलाच चेंडू दिला असता. मिलानच्या मनात ते आलं. मी त्याचे डोळे पाहिले म्हणून सांगतो. मी असतो तर सरकलो असतो! पण तो खुळा पाय रोवून उभा राहिला आणि त्या रेड्याला त्याने छातीवर घेतलं. रिकने निवांत फेकलं. गोलरेषेच्या पार एका पोराने मला झेललं आणि आनंदाने हवेत भिरकावून दिलं.

गाव मैदानात घुसलं. रिकला खांद्यावर घेतलं, कोचला खांद्यावर घेतलं. मी गवतात पडून होतो. मिलानने मला उचललं. एक टोक पंज्यात, दुसरं कोपरात, सवयीने. तसाच तो चालत कुंपणाशी गेला.

कॉलेजचा माणूस कोटाची बटणं लावत होता. "तू फार छान अडवतोस, बेटा," तो म्हणाला. "पण अडवणारे आहेत आमच्याकडे. मला धावणारा हवाय. आणि धावताना तुला मी पाहिलंच नाही."

"पुढच्या वेळी..." स्टीव्ह म्हणाला.

"हंगाम संपला ना आता," तो माणूस म्हणाला. सभ्य होता बिचारा. टोपी काढून निरोप घेतला आणि गेला.

स्टीव्ह थर्मासचं झाकण उगाच फिरवत राहिला. शेवटी म्हणाला, "चल. टर्की थंड होईल."

तेवढ्यात मॅकनल्टी धापा टाकत आला. "अरे, तो चेंडू इकडे दे! रिकचा आहे तो, कपाटात ठेवायचाय." मिलानने हात सैल केला नाही. मॅकनल्टीने मला ओढलं. मी त्या कोपरात घट्ट बसलो होतो, मित्रांनो, निघायचं नव्हतं मला. पण चेंडूला कोण विचारतो? ती माझी शेवटची कुशी.

मंडळाने कोचला ठेवून घेतलं. मिलान टेक्सासला तेलाच्या विहिरींवर लोखंडी पाइप उचलायला गेला. माझ्यातली हवा हळूहळू गेली, कोणाच्या लक्षातही आलं नाही.

पुष्कळ वर्षांनी जुन्या पोरांचा मेळावा भरला. कपाटापुढे गर्दी. टक्कल पडलेला रिक हात हलवून तो पास सगळ्यांना समजावून सांगत होता. मागे एक रुंद खांद्यांचा माणूस कागदी पेला धरून उभा होता. मी लगेच ओळखला. म्हातारा मॅकनल्टी काठी टेकत त्याच्याजवळ गेला, डोळे बारीक केले.

"स्टीव्ह हुदाकचा ना रे तू? तू पण होतास या संघात? काय खेळायचास?"

मिलानने काचेतून माझ्याकडे बघितलं.

"अडवायचो," तो म्हणाला.

"हं," मॅकनल्टी म्हणाला. "लागतात तशीही माणसं."

मित्रांनो, अशा गोष्टीच्या शेवटी वस्तूंची निगा राखा म्हणून सांगायची पद्धत आहे. माझी नका राखू. मी कातडं आहे, धूळ बसली काय आणि पुसली काय. पण कोणाला "थांब, शेवटी तुझंच आहे" असं सांगून राबवून घेतलंत, तर शेवट आला की त्याच्या हातात द्या, मग कुंपणावरून कोणी कितीही बोंबलो. ते होणार नसेल तर पहिल्याच दिवशी तोंडावर सांगा, की बाबा रे, तुला नुसतं अडवायला ठेवलंय. म्हणजे वेळ आहे तोवर तो दुसरीकडे कुठेतरी धावून घेईल.